खराटा, कीर्तन आणि जलसा : महाराष्ट्रातील ग्रामारोग्याच्या इतिहासाची एक बाजू

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास सामान्यतः अधिनियम, नगरपालिका, नळ आणि लस ह्यांच्या आधारे लिहिला जातो. कीर्तन, तमाशा, जलसा, भारूड ह्यांचा विचार वाङ्मयाच्या किंवा लोककलेच्या इतिहासाकडे सोपविलेला असतो. परिणामी ह्या कलांनी रोगराई, घाण, पाणी आणि मद्यपान ह्यांविषयी जे काही केले ते संतांच्या चरित्रांत व शाहिरांच्या आठवणींत विखुरलेले राहिले आणि आरोग्याच्या इतिहासकाराने त्याकडे क्वचितच पाहिले. ह्या विभागणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न नजरेआड होतो. गाव स्वच्छ असावे हे लोकांना पटवून देणे हे एक कार्य. ते कोणी स्वच्छ करावे हे ठरविणे हे दुसरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील दोन लोककलाप्रकारांनी ह्या दुसऱ्या प्रश्नाला वरकरणी परस्परविरुद्ध अशी उत्तरे दिली. गाडगेमहाराजांच्या कीर्तनाने सर्व गावाला खराटा हाती घ्यावयास सांगितले. आंबेडकरी जलशाने, ज्यांच्या माथी गावाची घाण पिढ्यान्‌पिढ्या मारली गेली होती त्यांना ते काम टाकून द्यावयास सांगितले. ही दोन्ही सांगणी शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

रोगाचा विचार कलेच्या द्वारे करण्याची रीत मराठी खेड्याला नवी नव्हती. पटकी म्हणजे मरीआईचा कोप आणि गोवर-कांजिण्या-देवी म्हणजे देवीचे येणे, अशी समजूत असलेल्या समाजात साथीचे निवारण हा एक विधी असे. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, हातात कोरडा आणि बरोबर वाद्याचा गजर अशा थाटात दारोदार फिरणारा पोतराज हा त्या विधीचा नायक होता. साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन सोडावयाचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपार न्यावयाचा. ह्या विधीत औषधाचा अंश नव्हता. परंतु त्याच्या रचनेत पुढील काळाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोग्या दोन गोष्टी होत्या. साथ ही एका घराची आपत्ती नसून साऱ्या गावाची आहे ही जाणीव तीत होती. आणि ती आपत्ती गावाबाहेर वाहून नेण्याचा भार मात्र गावकुसाबाहेरच्या जातींवर होता. पहिली गोष्ट आरोग्यकार्याला उपकारक, दुसरी मारक. पुढे जे घडले ते ह्या दोन गोष्टींच्या भोवतीच घडले.

आरोग्याविषयीच्या भीतीचा उपयोग करून अज्ञ जनांना कसे नाडले जाते, हा विषय मराठी रंगभूमीवर आणण्याचा पहिला प्रयत्न जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ ह्या नाटकात केला. एका गरोदर शेतकरी स्त्रीला जोशी ग्रहदशेची भीती घालतो आणि पोटातील मुलाच्या रक्षणासाठी ब्राह्मणभोजनाचा खर्च त्या कुटुंबाच्या गळी उतरवतो, एवढेच त्याचे कथानक. प्रसंगोपात्त टीका करणारा विदूषक त्यात आहे आणि अखेरीस ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकावयास जाते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापील स्वरूपात वाचकांपुढे यावयास १९७९ साल उजाडले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील प्रेक्षकांवर त्याचा परिणाम झाला असे म्हणता येत नाही. तथापि भीती, कर्ज आणि रोग ह्यांची जी साखळी त्याने दाखविली तीच पुढे सत्यशोधकी जलशाचा आणि गाडगेमहाराजांच्या कीर्तनाचाही कणा बनली.

ह्यानंतरचा टप्पा प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि काही महिन्यांत तो पुण्यास पोहोचला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. वॉल्टर रँड ह्यांच्या देखरेखीखाली पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या, रोग्यांची सक्तीने रवानगी आणि सामानसुमानाची जाळपोळ सुरू झाली. त्याच सुमारास हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. सरकारपाशी शास्त्र होते, अधिकार होता, मनुष्यबळही होते. लोकांशी बोलण्याची भाषा मात्र त्याच्यापाशी नव्हती. २२ जून १८९७ रोजी रँड ह्यांच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू हे एका कीर्तनकाराचे पुत्र होते आणि वडिलांच्या कीर्तनात साथ करीत ते वाढले होते, ही गोष्ट येथे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शेकडो लोकांना रात्रभर एका जागी बसवून ठेवण्याची विद्या ज्या घरांत होती, ती घरे प्लेगच्या व्यवस्थेविरुद्ध उभी राहिली. ह्याच साथीत सावित्रीबाई फुले ह्यांनी पुत्र यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच निवर्तल्या. सक्तीवाचूनही प्लेगच्या रोग्याला दवाखान्यात आणता येते, त्यासाठी आणणारा माणूस विश्वासाचा असावा लागतो, एवढे त्यांच्या कार्यावरून सिद्ध होते.

कीर्तनाची ही विद्या आरोग्याच्या बाजूला आणणारे गृहस्थ मात्र ना वैद्य होते, ना परंपरेतले हरिदास. डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखीत आणि शेती करीत वाढले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण न देता त्यांनी साधे गोड जेवण घातले, ही आठवण सर्व चरित्रकारांनी नोंदविली आहे. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे कपडे, हाती फुटके गाडगे आणि खराटा, ह्या वेषावरूनच लोकांनी त्यांना गाडगेबाबा हे नाव दिले. ते स्वतः निरक्षर होते. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, मठ स्थापून शिष्य केले नाहीत, पाया पडू पाहणाऱ्यांवर ते काठी उगारीत. त्यांचे सारे कर्तृत्व बोलण्यात व करण्यात होते. प्रबोधनकार ठाकरे व गो. नी. दांडेकर ह्यांच्यासारख्या लेखकांनी त्यांची चरित्रे लिहिली म्हणून, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले म्हणून, ह्या कलेची घडण आज तपासता येते.

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. आधी तत्त्वनिरूपण, मग आख्यान. वारकरी कीर्तन एका अभंगाच्या चरणाचरणाने पुढे जाते. गाडगेमहाराजांचे कीर्तन ह्या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्यांच्या कीर्तनाचा खरा प्रारंभ दिवसा होई. ते गावात येत आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडावयास लागत. उकिरडा उपसत, गटार मोकळे करीत, पाणवठ्याची जागा साफ करीत. कोणी चौकशी केली तर रात्री कीर्तन आहे एवढेच समजे. पाहता पाहता दहापाच माणसे हाताशी येत आणि दुपारपर्यंत गाव झाडून होई. रात्री जे लोक कीर्तनास जमत ते त्या झाडलेल्या जागेवरच बसत. कीर्तनाचा विषय श्रोत्यांच्या बैठकीखाली आधीच सिद्ध झालेला असे. दृष्टान्तासाठी पुराणात जाण्याची त्यांना गरज पडत नसे; सकाळचा रस्ता आणि आताचा रस्ता हाच दृष्टान्त.

रात्रीचे निरूपण प्रश्नोत्तरांनी चाले. वऱ्हाडी बोलीत बाबा प्रश्न टाकीत आणि हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. कर्ज काढून सण करणारा शहाणा की वेडा? देवापुढे बकरे कापणारा देवाचा भक्त की जिभेचा? मुलाला शाळेत न घालणारा बाप मुलाचा मित्र की वैरी? अशा धर्तीचे प्रश्न ते विचारीत; मध्येच देवकीनंदनाच्या नामाचा गजर होई आणि पुन्हा नवा प्रश्न येई. येथे उपदेशाचा भार वक्त्यावरून श्रोत्यावर सरकतो. सरकारी आरोग्याधिकारी सांगतो आणि ग्रामस्थ ऐकतो. त्या ऐकण्याला काहीच मोल पडत नाही. कीर्तनात ग्रामस्थ स्वतःच उत्तर उच्चारतो आणि तेही सोयऱ्याधायऱ्यांच्या, सावकाराच्या, पाटलाच्या देखत. चारचौघांत तोंडातून निघालेला शब्द दुसऱ्या दिवशी मोडणे खेड्यात सोपे नसते. कीर्तनाचे सामाजिक बळ ह्या साध्या व्यवहारात होते. भक्तिरसाची थोरवी गाणाऱ्या चरित्रकारांनी ह्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

ह्या कीर्तनाचा आणखी एक विशेष म्हणजे त्याचे रूपांतर वास्तूंमध्ये होई. लोकांनी दिलेला पैसा बाबांनी स्वतःकडे ठेवला नाही. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. यात्रेतील गर्दी आणि पटकी ह्यांचा संबंध १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेपासून जगभर चर्चिला जात होता, आणि पंढरपूरची वारी इंग्रज आरोग्याधिकाऱ्यांच्या चिंतेचा नित्याचा विषय होती. त्यांच्या हाती असलेले उपाय म्हणजे कर, मज्जाव आणि यात्रा पांगविणे. यात्रेकरूला निवारा, बसावयास झाडलेली जागा आणि उतरावयास बांधीव घाट देणे हा उपाय एका निरक्षर कीर्तनकाराने अमलात आणला. त्यावरून पटकी हटण्याचे श्रेय कीर्तनाला देणे मात्र अनैतिहासिक होईल. विहिरींत टाकलेली जंतुनाशक पूड, लस आणि पुढे नळाचे पाणी ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे. कीर्तनाने केले ते हे की, घाण हा गावाच्या चर्चेचा विषय बनविला आणि ती काढणे हे सभ्य माणसाला न शोभणारे काम आहे ह्या समजुतीला उघड्यावर धक्का दिला.

आणि येथेच कीर्तनाची मर्यादाही दिसू लागते. बाबा झाडीत तेव्हा ते झाडणे सेवा ठरे. बाबा पुढच्या गावी गेले की परवाचा खराटा कोणाच्या हाती जाई? पाटील-कुळकर्ण्यांच्या हाती तो फार काळ राहिला असेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. खेड्यातील मेलेली जनावरे ओढणे हे महार वतनदारांचे काम, शहरातील संडासांचा मैला वाहणे हे भंगी-मेहतरांचे काम, ही व्यवस्था कीर्तनाच्या रात्रीही जागच्या जागी होती. संताच्या हातचा खराटा वंदनीय आणि जातीने दिलेला खराटा निंद्य, हा भेद टाळ्या वाजविणाऱ्या श्रोत्यांच्या मनातून सुटत नव्हता.

हा भेद किती खोल होता ते महाडने दाखविले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी अस्पृश्य वर्गाला मृत मांस खाण्याचे सोडा, हलकी वतनी कामे टाका, शेतीकडे वळा असे सांगितले. आणि दुसऱ्या दिवशी परिषदेतील लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. त्यासाठी शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात रिकाम्या करण्यात आल्या. पटकीचे जंतू कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८४ मध्ये दाखविले, त्याला तोवर त्रेचाळीस वर्षे झाली होती. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून त्याला शुद्धी म्हणणारा समाज अस्वच्छ होता असे नव्हे. त्याची घरेदारे कदाचित लख्ख सारवलेली असतील. त्याची शुद्धीची कल्पना आणि आरोग्यशास्त्राची स्वच्छतेची कल्पना ह्यांचा मेळ नव्हता, एवढेच. तळ्यावरील हक्काचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

महाडचा हा संदेश वाडीवस्तीवर नेण्याचे काम जलशाने केले. जलसा हे तमाशाचेच रूपांतर. सत्यशोधक समाजाच्या प्रचारकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तमाशाचा सांगाडा कायम ठेवून त्यातील मजकूर बदलला होता. गणात गणपतीच्या ऐवजी निर्मिकाचे स्तवन आले, वगात भटजी, सावकार आणि कुणबी ह्यांची जुगलबंदी आली, आणि सोंगाड्याने ‘तृतीय रत्ना’तील विदूषकाचे काम केले. आंबेडकरी जलशाने हाच सांगाडा घेतला. १९३० च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक ह्यांच्यासारख्या शाहिरांनी तो गावोगाव नेला. कर्डकांनी पुढे १९७८ साली आपल्या अनुभवांवर ग्रंथही लिहिला. सभेच्या आधी जलसा उभा राही, आणि जेथे वृत्तपत्र पोहोचत नव्हते, पोहोचले तरी वाचणारा नव्हता, तेथे ढोलकी पोहोचे.

जलशाचा आरोग्यविषयक भाग कीर्तनाशी पुष्कळ जुळतो. दारू सोडा, मुले शाळेत घाला, नवस-अंगात येणे टाका, अंगावरचे कपडे स्वच्छ ठेवा, हे दोन्हीकडे आहे. फरक आहे तो श्रोत्यांत आणि त्यांना घातलेल्या गाठीत. जलशातील संवादांत बहुधा एक जुन्या वळणाचा गावकरी आणि एक शिकलेला तरुण समोरासमोर उभे केले जात. जुना म्हणे, वतन सोडले तर खाणार काय? तरुण म्हणे, वतनात मिळते ते शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस. ते खाऊन जगणे हे जगणे आहे काय? मृत मांसाचा प्रश्न असा एकाच वेळी आरोग्याचा, अर्थकारणाचा आणि मानाचा होतो. प्रेक्षक हसत, कारण जुन्या गावकऱ्याच्या तोंडी त्यांचेच शब्द असत. आणि त्या हसण्यातच त्यांची बाजू पालटे. पोतराज आणि देवदासी ह्या प्रथांवरही जलशाने कोरडे ओढले. रोगनिवारणाचा जो जुना विधी ह्याच जातींच्या खांद्यावर होता, तो त्यांच्यातल्याच कलावंतांनी मोडीत काढावयास घेतला ही घटना लोककलेच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावी अशी आहे.

ह्या सांगण्याची किंमत ऐकणाऱ्यांना मोजावी लागली. मेलेले जनावर ओढण्याचे नाकारले की गाव बहिष्कार घाली. दुकान बंद, मजुरी बंद, शिवारात पाऊल ठेवणे बंद. पण जनावर तसेच पडून राही आणि त्याची दुर्गंधी वेशीच्या आत जाई. गावाची स्वच्छता हा त्याचा गुण नसून कोणाच्या तरी सक्तीच्या श्रमाचे फळ होते, हे त्या दुर्गंधीने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही व्याख्यानाने केले नसेल. वतनदारीच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. मधल्या तीस वर्षांत हा विषय वस्त्यांवस्त्यांतून जिवंत ठेवण्यात जलशाचा वाटा होता.

कीर्तन आणि जलसा ह्यांच्यात विरोध होता काय? दोघांच्या प्रवर्तकांना तसा तो वाटला नाही. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांसाठी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा गाडगेमहाराजांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकर आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, बाबा निवर्तले. तरीही दोघांचे मार्ग एकच होते असे म्हणणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. कीर्तनाचा भर हृदयपरिवर्तनावर होता आणि त्याचा श्रोता मुख्यतः सवर्ण कुणबी होता. जलशाचा भर नकारावर होता. सर्वांनी झाडावे हे एकट्याने सांगितले तर जे आधीच झाडत आहेत त्यांच्याच गळ्यात ते पडते. आणि झाडणाऱ्यांनी नकार दिला पण इतरांनी खराटा उचलला नाही तर गाव घाणीत राहते आणि नकार देणारा उपाशी राहतो. ह्या दोन कलांनी मिळून जो पेच उघड केला तो एकेकीला सोडविता आला नसता.

पुढील काळात ही कला शासनाच्या हाती गेली. तुकडोजी महाराजांनी खंजिरीभजनांतून व १९५५ च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रामगीते’तून ग्रामारोग्याचा विचार मांडला, तोवर तिला स्वतःचे अंग होते. १९५४ मध्ये केंद्र शासनाचा गीत व नाट्य विभाग स्थापन झाला आणि कलापथके, पोवाडे, भारुडे हे कुटुंबनियोजन, अल्पबचत व लसीकरण ह्यांच्या प्रसाराचे साधन बनले. ह्या प्रयोगांत गाणे होते, विनोद होता, कलावंतही पुष्कळदा अस्सल होते. प्रश्न मात्र आधीच ठरलेले असत आणि उत्तरेही. प्रेक्षकाने काही कबूल करावे अशी जागा त्यांत राहिली नव्हती. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या कुटुंबमर्यादेचे विधेयक संमत केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पण वीस वर्षांच्या गाण्यांनंतर सक्तीची गरज वाटावी ही गोष्टच त्या गाण्यांविषयी बरेच सांगून जाते.

२०००-०१ पासून राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावांची तपासणी, गुणांकन आणि पारितोषिके असे त्याचे स्वरूप होते. ह्या अभियानाने अनेक गावांत संडास, गटारे आणि झाडलेले रस्ते दिले हे नाकारता येत नाही. बाबांचा खराटा अभियानाने घेतला; प्रश्नोत्तरे घेतली नाहीत. शहरांत तर दुसऱ्या प्रश्नाने निराळेच वळण घेतले. मानवी मैला हाताने वाहण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. त्याच वेळी महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराची नोकरी त्याच्या वारसास मिळण्याची तरतूद आहे आणि तिच्या अंमलबजावणीसाठी कामगारांच्या संघटना झगडत आल्या आहेत. जे काम वंशपरंपरेने येते म्हणून जलशाने टाकावयास सांगितले, तेच काम वंशपरंपरेने मिळावे असा हा हक्क आहे. आणि कायम पगाराची दुसरी नोकरी समोर नसताना त्या घरातील मुलाने तो सोडावा, असे त्याला सांगण्याचा अधिकार आज कोणत्या कलावंतापाशी आहे, हे त्या वस्तीत जाऊनच ठरविले पाहिजे.